मरळीचं मुंडकं

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला सांगितलं असतं का, कोण जाणे – ती गेली तेव्हा हे घडायचं होतं. भाऊ परभणीला असतो, पण त्याच्याशी माझं बोलणं पाऊसपाणी आणि गुडघेदुखी यापलीकडे जात नाही. म्हणजे उरलात तुम्ही. तुमची-माझी ओळख नाही हे एका परीनं बरंच आहे. ओळखीचं माणूस समोर असलं की मला लगेच विनोद सुचायला लागतात. तुमच्यासमोरही सुचतीलच, सवय जुनी आहे. एवढंच करा – जिथं मी जास्त हसवायला लागेन, तिथं समजा की हा गडी काहीतरी टाळतोय.

मी गंगाखेडचा घड्याळजी. एसटी स्टँडसमोर माझं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेरून बोलायचं, एवढं. पूर्वी घड्याळं दुरुस्त करत होतो. आता सेल बदलतो आणि पट्टे विकतो. वेळ बघायला माणसं मोबाईल काढतात, त्यामुळे माझ्याकडे वेळच वेळ.

असाच एकदा एक विहिरी खोदणारा गडी घड्याळ घेऊन आला. राणीसावरगावच्या शिवारात त्याचं काम चालू होतं. काच फुटलेली, आत सगळी माती. झाकण काढून कागदावर झटकलं तर मातीबरोबर एक चकचकीत कण पडला. तिळाएवढा. घड्याळात बारके खडे असतात, चाकं त्यांच्यावर फिरतात, त्यातलाच एक निखळला असं मला वाटलं. डोळ्याला भिंग लावलं. कण टोकदार होता, बुडाशी पोकळ, आणि टोकाला असा चमकत होता, जशी माझी वरची कवळी पहिल्या दिवशी चमकली होती. एवढं दिसूनही मी पुढचे दोन तास त्या आख्ख्या घड्याळात त्याची जागा शोधत बसलो. तीस वर्षांचा अनुभव म्हणतात तो हा.

एका गिऱ्हाइकाचा मुलगा भूगर्भशास्त्र शिकत होता. त्यानं फोटो काढून त्याच्या सरांना पाठवला. सरांचं उत्तर आलं: माशाचा दात असावा, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपल्याकडे जमिनीतून लाव्हा आला, थंड झाला, त्याच्यावर पाणी साचून तळं झालं, तळ्यात मासे झाले, आणि मग दुसरा लाव्हा येऊन तळ्यासकट सगळं झाकून गेला. म्हणून विहीर खोदताना वर काळा दगड, खाली काळा दगड आणि मधे हातभर राखी गाळाची पट्टी लागते. खोदणारे तिला शिव्या देतात, कारण ती ढासळते. मी मात्र त्या शिव्या पडलेली पोती एसटीच्या टपावर टाकून घरी आणायला लागलो.

काम सोपं आहे, फक्त माणूस एकटा पाहिजे. गाळ कडकडीत वाळवायचा. मग बादलीत भिजवायचा, की तो आपोआप फुटतो. मैद्याच्या चाळणीतून धुवायचा. वर जे उरतं ते वाळवून पांढऱ्या कागदावर पसरायचं आणि भिंग लावून चिमट्यानं एकेक कण बाजूला करायचा. एका पोत्यामागं तीन दात मिळाले तर सण. कधी एकही नाही. तरी मी बसायचो. ज्याच्यासमोर जेवताना कुणी नसतं, त्यानं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या माशाशी सोयरीक केली तर नवल काय? मासा उलट बोलत नाही. आणि एकदा सापडला की जात नाही.

गंमत अशी की मी जन्मात मासा खाल्लेला नाही. आमचं घराणं लिंगायत वाण्याचं. गळ्यात लिंग आहे, मासळीची गल्ली आली की रस्ता बदलायचा, असे आमचे संस्कार. आणि माझी घरमालकीण त्याहून कडक. शिवकांताबाई, सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची. पंचाहत्तरीची, एकटी, मुलगा लातूरला. मधे अंगण, एका बाजूला तिचं घर, दुसऱ्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्या. अलीकडची माझी, पलीकडची टोकाची. भाडेकरूला तिची अट एकच: घरात वशाट नको, अंडंसुद्धा चालणार नाही. मला तिनं ती अट सांगितलीसुद्धा नाही. आडनाव ऐकलं, गळ्याकडे बघितलं आणि किल्ली दिली. वर रात्रीची भाकरीही देऊ लागली – "एकट्यासाठी तवा कामून ठेवता अप्पा, माझ्यासंगं दोन टाकते."

ह्या भाकरीत आणि खोलीत माझा जीव अडकला होता, हे आधीच सांगून टाकतो.

एकदा मी अंगणात कागद पसरून बसलो होतो. आक्का शेजारी येऊन टेकली.

"काय निवडायलाव एवढं? मोहरी हाय का?"

"खडे आहेत आक्का."

"कशाचे?"

बघा, प्रश्न किती साधा. मासा म्हणालो असतो तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. कदाचित तिनं मला पोत्यासकट बाहेर काढलं असतं. तिच्याच जुन्या चाळणीतून मी ते चाळलं होतं. मी म्हणालो, "नर्मदेचे."

नर्मदेचे खडे राणीसावरगावच्या विहिरीत कसे, हे तिनं विचारलं नाही. त्या दिवशी मला एक मोठा दात मिळाला होता. तुरीच्या दाण्याएवढा, गोल, काळाभोर, तेल लावल्यासारखा तुकतुकीत. काही माशांचे दात असे बटणासारखे असतात, शिंपले फोडायला. तिनं नेमका तोच उचलला. "ह्यो तर महादेवाचा बाण हाय. बारका बाण." डोळ्यांना लावला आणि देवघरात नेला.

दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्यावर रोज पाणी घालू लागली. ते तीर्थ ती घ्यायची आणि खिडकीतून मलाही द्यायची. मासा शिवायचाही नाही असा नेम असलेली दोन माणसं रोज सकाळी माशाचा दात धुतलेलं पाणी भक्तिभावानं पीत होती. त्यातल्या एकाला ते माहीत होतं. पहिल्या दिवशी मला ठसका लागला. नंतर सवय झाली. पुढं पुढं तर तीर्थ चुकलं की दिवस सुना जायला लागला.

गेल्या श्रावणात आक्का गेली. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, तळहातावर लिंग ठेवून. मुलानं देवघरातला तो बारका बाणही आईच्या मुठीत दिला. मी पुढंच उभा होतो, हातात मूठभर माती घेऊन. तो मासा एवढ्या कोटी वर्षांनी बाहेर आला, थोडी वर्षं देव झाला आणि परत मातीत गेला. मी मुठीतली माती सोडली.

तुम्हाला वाटलं असेल, हीच ती कबुली. इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. गोष्ट छान आहे, थोडी रडवते, आणि माझ्यावर कुणी फार रागावणार नाही. पण मी जास्त हसवायला लागलो होतो, लक्षात आलं ना?

पलीकडच्या खोलीत सिस्टर राहायची. सरकारी दवाखान्यात नर्स होती, तिशीतली, माहेर ताडकळसचं. नाव सुनंदा, आडनाव सांगत नाही. त्या आडनावामुळं तिला गंगाखेडात खोली मिळत नव्हती. खोली आवडायची, बोलणं ठरायचं, मग मालक विचारायचा, "पूर्ण नाव काय म्हणालात?" आणि त्या खोलीत अचानक त्याचा पुतण्या राहायला येणार असायचा. तिनंच हे मला हसत सांगितलं होतं. "अप्पा, ह्या गावात पुतणे लय झालेत."

आक्काला एकदा ताप आला होता तेव्हा हीच तिला सुया द्यायला यायची. बरी झाल्यावर आक्कानं तिला विचारलं, कुठं राहतीस, आणि खोली दिली. गल्लीतल्या बायका कुजबुजल्या. आक्का अंगणात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मला आडनावाशी काय करायचंय? घरात वशाट नको, बस." आणि सिस्टरनं ती अट पाळली. दोन वर्षं. मासा खावासा वाटला की रविवारी गावी जायची आणि सोमवारी येताना डबासुद्धा घासून आणायची. तिचा बाप मासे धरायचा, नदीकाठी वाढलेली ती. माझ्यासारखी रस्ता बदलून पाळणारी नव्हती. आवडतं ते सोडून पाळत होती.

आणि माझ्या दातांकडे आख्ख्या गावात तिनंच नीट बघितलं. ड्युटीवरून आली की हात धुऊन भिंग मागायची. डोळ्याला भिंग धरायला पहिल्या झटक्यात कुणाला जमत नाही, तिला जमलं. "हे बघा अप्पा, ह्याला बुडाशी चीर हाय," असं काहीतरी तिला दिसायचं, जे मला दिसलेलं नसायचं. मग आम्ही दोघं त्या चिरेवर चहा थंड होईपर्यंत बोलायचो. बायको गेल्यानंतर माझ्याशी कुणी चहा थंड होईपर्यंत बोललं नव्हतं.

तिला खरं माहीत होतं. दात माशाचे आहेत हेही आणि देवघरातला बाण कुठला हेही. एकदा तीर्थाची वाटी माझ्या हातात बघून ती तोंडाला पदर लावून आत पळाली होती. पण आक्काला तिनं सांगितलं नाही. माझं गुपित तिच्याजवळ सुरक्षित होतं – हे वाक्य मी आता बोलतोय आणि माझ्याच जिभेला ते जड वाटतंय.

पुढं सरांनी निरोप पाठवला. तुमचे टोकदार दात कुठल्या माशाचे, हे ठरवायचं असेल तर आजच्या माशाचा जबडा शेजारी ठेवून बघा आणि फोटो पाठवा. आजचा मासा? मी सिस्टरला विचारलं. आणखी कुणाला विचारणार?

"रोहू-कटल्याच्या तोंडात दात नसतात अप्पा, घशात असतात," ती म्हणाली. "तुमाला टोकदार पायजेत ना? मरळ बघा. मरळ चावती. माझ्या बापाचं बोट फोडलं होतं." मग आवाज खाली आणून, "मुंडकं आणा, पाण्यात उकळा, मांस सुटून येतं. पण हितं नका करू. नदीवर जावा, तीन दगडांची चूल मांडा. हितं आक्काच्या घरात नको."

हितं नको. दोनदा म्हणाली ती.

मासळी विकणाऱ्यानं मला ओळखलं. "शेठ, वाट चुकलाव का? वाण्याची गल्ली तिकडं हाय."

मी म्हणालो, मरळीचं मुंडकं पाहिजे. मांजरीसाठी.

"मांजरीला मरळ? लय लाडाची हाय की. लगीन करून द्यायचंय का तिचं?"

आजूबाजूचे हसले. मी पिशवीत वर्तमानपत्र, वर्तमानपत्रात मुंडकं, आणि सदऱ्याचं वरचं बटण लावून – गळ्यातलं दिसू नये म्हणून – निघालो. पाय नदीकडे वळायला हवे होते. पण नदीवर माणसं असतात. ओळखीच्या चौघांनी मला चुलीपाशी बघितलं असतं तर? घरी मात्र कुणी नव्हतं. आक्का पाथरीला तिच्या भाचीकडे बारशाला गेली होती, उद्या येणार होती. सिस्टर ड्युटीवर. मी घरी गेलो.

दार लावलं, चार उदबत्त्या लावल्या आणि पातेलं गॅसवर ठेवलं. ज्यानं मासा कधी शिजवला नाही त्याला त्याचा वास किती पसरतो हे कसं कळणार? मला वाटलं, वरणासारखं असेल. अर्ध्या तासात वास खिडकीतून, पत्र्याच्या फटीतून, माझ्या कपड्यांतून – सगळीकडून निघाला. मी घाबरलो. मुंडकं काढून डब्यात घातलं, डबा खाटेखाली सारला. राहिलं पातेल्यातलं पाणी. पिवळट, वर मानेजवळचे खवले तरंगत असलेलं.

आता हळू बोलतो.

माझ्या खोलीत मोरी होती. तिथं ओतता आलं असतं. मागं मोकळी जागा होती, तिथं खड्डा करता आला असता. मी पातेलं फडक्यात धरून अंगणात आलो, माझ्या दारापुढून वाहणारी नाली ओलांडली आणि टोकापर्यंत चालत गेलो. सिस्टरच्या दाराशी नाली भिंतीखालून बाहेर जाते. तिथं ओतलं. का? उतार तिकडं आहे, पाणी लवकर निघून जाईल, असं मी स्वतःला सांगत आलो. पण वीस पावलं तापलेलं पातेलं घेऊन चालताना माणसाच्या मनात फक्त उतार असतो का? ते दार माझं नव्हतं. एवढं मला नक्की माहीत होतं.

आक्का त्याच दुपारी परतली. बारशात काहीतरी रुसवाफुगवी झाली होती, ती जीप धरून निघून आली. मी दाराच्या फटीतून बघत होतो. अंगणात येऊन ती थांबली. पदर नाकाला लावला. नालीच्या कडेनं टोकापर्यंत गेली, वाकली. खवले भिंतीला चिकटले होते, उन्हात चमकत होते. बराच वेळ ती वाकलेलीच राहिली. मग माझ्या दाराशी आली.

"अप्पा, तुमाला वास न्हाई आला?"

माझ्या मागं उदबत्त्या जळत होत्या. समोर म्हातारी बाई उभी होती, जी मला तीन वर्षं भाकरी देत होती. खरं बोललो असतो तर मासा का, कशाला, कसले दात – सगळं निघालं असतं आणि देवघरातल्या बाणापर्यंत गेलं असतं. हे मला त्या क्षणी दिसलं. सिस्टर दवाखान्यात कुणाची तरी जखम बांधत असेल, हेही दिसलं. खोटं बोलताना माणसाला काही दिसत नाही असं म्हणतात. मला सगळं दिसत होतं.

"आला," मी म्हणालो.

"कुठून?"

"तिकडून."

एवढंच. एक शब्द. आणि हातही केला मी, शब्द पुरला नसता म्हणून.

आक्का उंबऱ्यावर बसली. मला वाटलं चिडेल. ती रडायला लागली. "आडनावावर गेले न्हाई म्हून गल्लीनं मला नावं ठेवली अप्पा. मी म्हणलं, पोरगी चांगली हाय. अन् हिनं असं करावं?" मी तिला पाणी आणून दिलं.

संध्याकाळी सिस्टर आली तेव्हा अंगणात आक्का होती, शेजारच्या दोघी बायका होत्या आणि भिंतीवरचं घड्याळ खाली घेऊन ते उगाचच उघडून बसलेला मी होतो. सिस्टरनं आधी खवल्यांकडं बघितलं. मग माझ्या दाराकडं. उदबत्तीचा वास अजून जात नव्हता. तिला कळलं. कळायला काय लागतं?

"आक्का, मी ड्युटीवर होते."

"सकाळी करून गेलीस."

"मी न्हाई केलं आक्का."

"मग कुणी केलं? अप्पानं?"

शेजारणी हसल्या. काशीनाथअप्पा आणि मासा – विनोदच होता तो. आणि मीही हसलो. मान वर न करता, घड्याळात बघत, पण हसलो. ऐकू जाईल असा.

सिस्टर काही बोलली नाही. तिच्याजवळ बोलायला सगळं होतं – मुंडकं कुठं असेल ते, बाण कुठला ते. एका वाक्यात तिनं मला तिथून उठवलं असतं. तिनं ते वाक्य का नाही उच्चारलं? तिच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला नसता म्हणून? आक्काचा देव मोडू नये म्हणून? की मी बोलेन म्हणून थांबली होती? हा तिसरा विचार मला सहन होत नाही. तोच खरा असावा.

तिसऱ्या दिवशी तिनं खोली सोडली. सामान थोडंच होतं. टेम्पो आला तेव्हा मी दुकानात न जाता घरात बसून होतो, का ते ठाऊक नाही. ती दाराशी आली, आत आली नाही.

"अप्पा, मुंडकं सावलीत वाळवा. उन्हात दात गळून पडतात."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी त्याला काहीतरी उत्तर शोधलं असतं. ती खरंच सांगत होती. मी "बरं" म्हणालो. दोन वर्षं शेजारी राहिलेल्या माणसाला मी शेवटी बोललेला शब्द – बरं.

जबडा सावलीत वाळवला. दात एकही गळला नाही. फोटो पाठवला. सरांनी कळवलं, जुळत नाही, हा मासा वेगळ्या कुळातला.

गावात तिला पुन्हा खोली मिळाली नाही. आता तर पुतण्यांची गरजही उरली नव्हती. आक्काच्या घरातून का निघाली, हे सगळ्यांना माहीत होतं. ती ताडकळसहून ये-जा करू लागली, दोन एसट्या बदलून. माझं दुकान स्टँडसमोर आहे हे तुम्हाला सांगितलंच आहे. संध्याकाळी ती खांबाला टेकून उभी असायची. गाडी चुकली की तास-दीड तास. पावसाळ्यात डोक्यावर पिशवी धरून. मधे फक्त रस्ता, मोजून पंधरा-वीस पावलं. तेवढी पावलं मी एकदा गरम पातेलं घेऊन चाललो होतो. रस्ता मात्र मला ओलांडता आला नाही. ती दिसली की मी डोळ्याला भिंग लावायचो आणि बंद घड्याळाच्या आत बघत बसायचो. भिंग लावलं की दूरचं काही दिसत नाही, ही त्याची सोय. एकदा तिचं मनगटी घड्याळ बंद पडलेलं मला दिसलं – ती सारखं हलवून बघत होती. दुसऱ्या दिवशी ते चालू होतं. सेल तिनं पलीकडच्या मोबाईलवाल्याकडून घालून घेतला होता.

दोन उन्हाळे ती त्या खांबाशी होती. मग बदली झाली असं ऐकलं. कुठं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर जावं लागलं असतं.

आता आक्का नाही. खोलीतून काढणारं कुणी उरलेलं नाही. मुलानं घर मलाच सांभाळायला दिलंय. म्हणजे बोलायला आता भीती नाही, आणि भीती नाही म्हणून मी बोलतोय. ह्यात हिंमत कुठली? आक्का होती तोवर मी रोज तिच्यासमोर जेवत होतो. रोज सांगता आलं असतं.

एक राहिलं. टोकाची खोली आक्कानं पुन्हा कुणाला दिली नाही. "मला माणूस वळखता येत न्हाई," म्हणायची. पंधरा दिवस तिथं कुलूप होतं. मग एका सकाळी तिनं विभूती कालवलेल्या पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला, कारण घरात दुसरं पुरुषमाणूस नव्हतं. म्हणाली, "चारी कोपऱ्यांत शिंपडा अप्पा. अन् तुमचे खडे ठेवा तिथं. तुमच्या खोलीत जागा पुरत न्हाई."

मी शिंपडलं. भिंतीवर आरशाचा खिळा होता, खिडकीत दवाखान्याच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं नीट दुमडून ठेवलेली होती. ती मी उचलून टाकली. दुपारी माझं टेबल तिथं हलवलं, संध्याकाळपर्यंत दातांचे डबेही. नऊ वर्षं झाली. खिडकी पूर्वेला आहे, बारीक कामाला तिथं उजेड चांगला येतो.